उजनीपासून कंबर तलावापर्यंत: पाणवनस्पतींचा ड्रोन-नकाशा कसा करायचा

"उजनी किती टक्के?" हा सोलापूर जिल्ह्याचा बारमाही प्रश्न. ऊसवाला विचारतो, नळाच्या पाण्याची वाट बघणारा शहरातला माणूस विचारतो. ड्रोन घेऊन पाणवनस्पतींचा नकाशा करायला निघालेल्यानेही पहिल्यांदा तोच विचारावा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे खोल मृतसाठ्यात, गेलं होतं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 100 टक्क्यांच्या पुढे. जूनमध्ये जिथे भेगाळलेला गाळ होता, तिथे दोन महिन्यांनी पुरुषभर पाणी. अशा ठिकाणी 'वनस्पती वाढली' किंवा 'घटली' हे वाक्य पाणीपातळी न सांगता लिहिलं, तर त्याला काही अर्थ उरत नाही.

हा लेख महाविद्यालयातले प्राध्यापक-विद्यार्थी, पक्षीमित्र मंडळी, पालिकेचे किंवा जलसंपदा विभागाचे कर्मचारी, आणि शेतीचा सर्व्हे करता करता या कामाकडे वळलेले ड्रोनवाले यांच्यासाठी आहे. ड्रोन उडवता येतो असं धरून चाललोय. उडवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग जागा

'तलावाचा नकाशा हवाय' हा प्रश्न होत नाही. कंबर तलावावर (पाटीवरचं नाव धर्मवीर संभाजी तलाव) जलपर्णीने (लोकांच्या भाषेत केंदाळ) किती पाणी झाकलंय, हा प्रश्न झाला. हिप्परगा तलावाच्या काठाचं पाणकणीस दरवर्षी आत सरकतंय का, हाही प्रश्न झाला. उजनीच्या करमाळ्याकडच्या काठावर, केत्तूर-वाशिंबे-कुगाव पट्ट्यात, पाणी उतरल्यावर कुठल्या भागात बेशरम माजते, हा तिसरा. पहिल्याला महिन्याला एक उड्डाण लागेल, दुसऱ्याला वर्षाला एक पुरेल, तिसऱ्याला पाणी उतरेपर्यंत थांबावं लागेल. कॅमेरा, उंची, हंगाम सगळं या प्रश्नावर ठरतं.

शहरातला तलाव ड्रोनने अख्खा टिपता येतो. उजनी येत नाही. पूर्ण भरल्यावर जलाशयाचं क्षेत्र 300 चौरस किलोमीटरच्या आसपास जातं. 20 हेक्टरच्या तुकड्याला एक उड्डाण म्हटलं तरी हिशेब दीड हजार उड्डाणांवर जातो. म्हणून उजनीसाठी दोन पायऱ्या करा. आधी सेंटिनेल-2 या उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं बघा. पिक्सेल 10 मीटरचा आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र. पावसाळ्यात ढग आडवे येतात, पण ऑक्टोबरनंतर आकाश मोकळं असतं. त्यात हिरवा पट्टा कुठे आहे, कुठे हलतोय हे कळतं. मग त्यातले आठ-दहा प्रातिनिधिक तुकडे निवडून फक्त तिथे ड्रोन न्या. तुकडे निवडताना गाडी जाते तेवढेच घेऊ नका. रस्त्यालगतचे तुकडे हे माणसांचा, जनावरांचा, सांडपाण्याचा वावर असलेले तुकडे असतात. त्यावरून अख्ख्या जलाशयाबद्दल बोललात तर आकडा एका बाजूला झुकणार.

परवानगी

ड्रोन नियम 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. नॅनो ड्रोनला आणि बिगर-व्यावसायिक मायक्रोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन सर्व्हे करणार असाल तर मायक्रोलाही लागतं. ड्रोनची नोंदणी, विशिष्ट ओळख क्रमांक आणि विमा आधी करून ठेवा. फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा 'मुंबईतून आणून देतो' म्हणणाऱ्याकडून घेण्याआधी कागद कोण देणार ते विचारा. नियम बदलत राहतात. उड्डाणाच्या आठवड्यात पुन्हा बघा.

सोलापूरची खरी अडचण विमानतळाची आहे. होटगी रस्त्यावरून आता नियमित विमानं सुटतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या कड्यात 200 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 60 मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडता येतं. त्यावर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. कंबर तलाव, सिद्धेश्वर तलाव, होटगी तलाव ही सगळी नावं या हिशेबात आली. डिजिटल स्काय पोर्टलवरच्या हवाई क्षेत्राच्या नकाशावर आपल्या जागेवर टिचकी मारून रंग बघा आणि त्या स्क्रीनचा फोटो तारखेसह जपून ठेवा. उजनीचा काठ शहरापासून लांब असल्याने तिथे बहुतेक ठिकाणी 400 फुटांपर्यंतचा हिरवा पट्टा, म्हणजे परवानगीशिवाय उडता येणारा भाग, मिळतो. पण धरणाची भिंत, दरवाजे, वीजनिर्मितीचा भाग यांच्याजवळ जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत पाणवठा असला तरी तो वनखात्याचा विषय. सिद्धेश्वर तलावावर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ड्रोनचा विचारही करू नये. लोकांच्या डोक्यावरून उडवणं नियमातही बसत नाही आणि रीतीतही.

पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा. आणि काठावरच्या माणसांना सांगा. तलावाच्या कडेला बायका धुणं धूत असतात, पोरं पोहत असतात. वर घरघर सुरू झाली की त्यांना वाटणारच, कोण बघतंय. दोन मिनिटं थांबून स्क्रीन दाखवली, 'मावशी, फक्त पाण्यातलं केंदाळ मोजतोय' म्हटलं, की पुढे तीच माणसं मदत करतात.

कॅमेरा: साधा पुरेल की मल्टिस्पेक्ट्रल हवा?

जलपर्णी, पाणकणीस, कमळ, बेशरम या पाण्यावर दिसणाऱ्या वनस्पती ओळखायच्या असतील तर चांगला साधा रंगीत कॅमेरा बऱ्यापैकी काम देतो. पानांची ठेवण, फुलं, पोत डोळ्यांना दिसतो. वनस्पती किती जोमात आहे, पिवळी पडतेय का, औषध फवारल्यावर मरतेय का हे बघायचं असेल तर मल्टिस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे ठरावीक पट्टे वेगवेगळे टिपणारा कॅमेरा, घ्या: हिरवा पट्टा 560 नॅनोमीटरच्या आसपास, लाल 650 ते 670, रेड-एज (लाल आणि अवरक्त यांच्या मधला) 715 ते 730, आणि निकट अवरक्त 840 ते 860.

निकट अवरक्त किरण पाणी शोषून घेतं आणि हिरवं पान जोरात परतवतं. म्हणून एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे (अवरक्त वजा लाल) भागिले (अवरक्त अधिक लाल), पाण्यावर शून्याच्या खाली आणि जलपर्णीवर वर असा स्वच्छ फरक दाखवतो. यातच दोन खड्डे आहेत. एक, पाण्याखालची हायड्रिलासारखी वनस्पती या निर्देशांकात दिसत नाही, कारण तिच्यावर पाण्याचा थर असतो आणि तो अवरक्त गिळून टाकतो. तिच्यासाठी निळा-हिरवा पट्टा आणि स्वच्छ पाणी लागतं, जे आपल्याकडे क्वचित मिळतं. दोन, शेवाळाचा दाट थरही एनडीव्हीआयमध्ये झकास हिरवा येतो. पुण्याहून मुळा-मुठेचं सांडपाणी भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. तिथे शेवाळ आणि जलपर्णी शेजारी शेजारी असतात आणि निर्देशांक दोघांना एकाच मापाने मोजतो.

मल्टिस्पेक्ट्रल वापरणार असाल तर उड्डाणाच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेशन पट्टीचा (उजेडातला फरक दुरुस्त करण्यासाठीची पट्टी) फोटो घ्या, पट्टीवर स्वतःची सावली न पाडता. हा फोटो नसेल तर ऑक्टोबरच्या आणि फेब्रुवारीच्या आकड्यांची तुलना होत नाही.

उंची, आच्छादन, बॅटरी: एकदा कागदावर मांडा

एक इंची सेन्सरचा 20 मेगापिक्सेल कॅमेरा धरू: सेन्सरची रुंदी 13.2 मिलिमीटर, फोटो 5472 गुणिले 3648 पिक्सेलचा, भिंगाची नाभीय लांबी 8.8 मिलिमीटर. 60 मीटरवरून एका पिक्सेलमध्ये जमिनीचा साधारण 1.6 सेंटिमीटर येतो आणि एका फोटोत 90 बाय 60 मीटरचा तुकडा मावतो. 120 मीटरवर पिक्सेल दुप्पट, 3.3 सेंटिमीटर. जलपर्णीचा पट्टा मोजायला 3 सेंटिमीटर भरपूर झाले. पाणकणीस आणि लव्हाळा वेगळा काढायचा असेल तर 60 मीटरवर या.

आता 400 बाय 500 मीटरचा, म्हणजे 20 हेक्टरचा तुकडा 60 मीटरवरून. आच्छादन, म्हणजे शेजारच्या फोटोंनी एकमेकांवर किती यायचं ते, पुढचं 80 टक्के, बाजूचं 75. म्हणजे दर 12 मीटरला एक फोटो आणि दोन फेऱ्यांत 22 मीटरचं अंतर. 400 मीटरच्या सुमारे 23 फेऱ्या, एकूण सव्वानऊ किलोमीटर, साडेसातशेच्या वर फोटो. सेकंदाला 6 मीटर वेगाने वळणं सोडून 26 मिनिटं. दोन बॅटऱ्या, तिसरी राखीव. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं तर त्या वेळात ड्रोन 6 मिलिमीटर सरकतो, अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी. फोटो फाटत नाही. तुमचा कॅमेरा वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण पद्धत हीच.

इथे एक बारीक गोष्ट. ड्रोन दाखवतो ती उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. बांधावर उभं राहून ड्रोन सोडला आणि बांध पाण्यापासून 12 मीटर वर असेल, तर तुम्ही 60 म्हणता तेव्हा पाण्यापासून 72 मीटरवर असता. पिक्सेल 1.6 चा 2 झाला. पुढच्या खेपेला पाणी 6 मीटर उतरलं आणि तुम्ही त्याच बांधावरून तेच मिशन चालवलं, की पुन्हा बदल. मिशन आखताना पाण्यापासूनची उंची धरा आणि नोंदवहीत दोन्ही लिहा. परवानगीची मर्यादा मात्र जमिनीपासून मोजतात, हेही विसरू नका.

पाण्यावर फोटो का जुळत नाहीत

ऑर्थोमोझॅइक, म्हणजे सगळे फोटो जोडून एकसंध नकाशा-चित्र, तयार करणारं सॉफ्टवेअर दोन फोटोंमध्ये समान खुणा शोधतं. मोकळ्या पाण्यावर खुणाच नसतात. ज्या असतात त्या लाटा आणि चमक, आणि त्या प्रत्येक फोटोत जागा बदलतात. परिणाम म्हणजे तलावाच्या मधोमध भोक किंवा वितळल्यासारखा डाग. यावर उपाय उड्डाणाच्या आखणीतच करायचा असतो. फेऱ्या काठाला आडव्या घ्या, म्हणजे प्रत्येक फेरीचं एक टोक तरी जमिनीवर येईल. काठाच्या पुढे 30-40 मीटर जमीन धरा. पाण्यावर आच्छादन 85 टक्क्यांपर्यंत न्या. मधलं पाणी पूर्ण मोकळंच असेल तर ते जोडण्याचा हट्ट सोडा. काठ आणि वनस्पतींचे पट्टे नीट आले की मोकळं पाणी वजाबाकीने निघतं.

चमकेचं गणित सूर्याच्या उंचीवर बसतं. कॅमेरा सरळ खाली बघत असेल आणि त्याचा अर्धा दृष्टिकोन बाजूला 37 अंश असेल, तर सूर्य माथ्यापासून 37 अंशांच्या आत आला की त्याचं प्रतिबिंब थेट फोटोत उतरतं. लाटा असतील तर त्याच्याही आधी. सोलापूरचं अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडं वर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. शेतीच्या सर्व्हेत 'दुपारी बारालाच उडवा' असं शिकवतात. इथे उन्हाळ्यात बाराला उडवलंत तर प्रत्येक फोटोत पांढरा गोळा. एप्रिलमध्ये सकाळी आठ ते साडेनऊ ही वेळ धरा. सूर्य साधारण 25 ते 47 अंशांवर असतो, वारा पडलेला असतो. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य 49 अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत निवांत वेळ मिळतो. फार पहाटे नको, काठच्या बाभळींच्या लांब सावल्या पाण्यावर पडतात आणि वर्गीकरणात त्यांचा वेगळाच 'वर्ग' तयार होतो.

दुसरा शत्रू वारा, आणि तो फक्त ड्रोनला हलवतो म्हणून नव्हे. जलपर्णी तरंगती आहे. वारा सुटला की अख्खा पट्टा सरकतो. पहिल्या बॅटरीत पश्चिम काठाला असलेला पट्टा बॅटरी बदलेपर्यंत पुढे सरकलेला असतो आणि मोझॅइकमध्ये तोच पट्टा दोनदा येतो किंवा मधून कापला जातो. क्षेत्रफळ फुगतं. म्हणून तरंगता भाग एकाच बॅटरीत उरकेल अशी आखणी करा, गरज पडली तर उंची वाढवून. काठाला मुळं धरलेली वनस्पती मग दुसऱ्या बॅटरीत, सावकाश. जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोरात असतो तेव्हा हे काम जमत नाही, ते महिने माहिती मांडण्यात घालवा.

उन्हाळा आणि यंत्र

बऱ्याच ड्रोनना कंपनीनेच 40 अंशांची मर्यादा घालून दिलेली असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा अनेकदा त्याच्या पुढे जातो. बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. थर्मोकोलच्या पेटीत सावलीला ठेवा, बर्फ लावू नका. उडवून उतरवलेली गरम बॅटरी थंड होईपर्यंत चार्जरला लावू नका. गाळावर थेट उतरवू नका, एक प्लायवूडची फळी बरोबर असू द्या. पाण्यावर खाली बघणारे सेन्सर गोंधळतात, कारण त्यांनाही खुणा लागतात. 5 मीटरच्या खाली पाण्यावर ड्रोन थांबवू नये. होडीतून सोडणार असाल तर 'घरी परत ये' ही सोय होडी सरकल्यावर पाण्यातच उतरवते, तेव्हा परतीचा बिंदू काठावर ठेवा.

पक्षी

हिवाळ्यात उजनीवर रोहित, पट्टकादंब आणि बदकांचे थवे असतात. ड्रोन सोडण्याची जागा थव्यापासून किमान 100-150 मीटर लांब निवडा, वर उंच गेल्यावरच पुढे सरका आणि थव्यावर उभा सूर मारू नका. वरून येणारी वस्तू त्यांच्या लेखी शिकारी पक्षी असते. माना वर झाल्या, थवा एका दिशेला चालू लागला, की फेरी सोडून मागे या. उडाल्यावर मागे येऊन उपयोग नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडी पडणारी बेटं आकर्षक दिसतात, पण नदीसुरय, आर्ली यांच्यासारखे पक्षी अशाच उघड्या जागी अंडी घालतात. पालक उठले की 42 अंशांच्या उन्हात अंडी उघडी पडतात. त्या बेटांवर मार्च ते मे उड्डाण टाळलेलंच बरं. वनस्पती कुठे पळून जात नाही. शहरातल्या तलावांवर घारी ड्रोनवर धावून येतात. घार आली की ड्रोन सरळ वर न्या, परवानगीच्या मर्यादेत, आणि परत बोलवा.

जमिनीवरच्या खुणा

महिन्यामहिन्याची तुलना करायची तर नकाशा दर वेळी त्याच जागी बसायला हवा. आरटीके (सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा नोंदवणारी सोय) असलेला ड्रोन असेल आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स या कायमच्या जीपीएस केंद्रांच्या जाळ्याची दुरुस्ती मिळत असेल तर काम हलकं होतं. नसेल तर नियंत्रण खुणा टाका: फ्लेक्सवाल्याकडून 60 सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकोन छापून घ्या, पाच ते आठ पुरतात. गाळावर खूण टाकू नका, ती बसते. बांधाचा दगड, घाटाची पायरी, पंपहाऊसचा कट्टा अशा कायमच्या जागी रंगाने खूण करून ठेवली तर दर वेळी मोजमाप लागत नाही. काठ एकाच बाजूला असेल तर खुणा एका ओळीत येतात आणि नकाशा त्या ओळीभोवती कलतो. शक्य तिथे समोरच्या काठालाही दोन खुणा हव्यात. सगळं काम यूटीएम झोन 43 उत्तर (ईपीएसजी 32643) या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत करा, म्हणजे क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये येतं.

होडीतली तपासणी

हा भाग लोक गाळतात आणि इथेच नकाशा फसतो. उड्डाणाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, पाणी हलण्याआधी, होडीने आणि पायी फिरून बिंदू गोळा करा. मोबाइलवर क्यूफील्डसारखं अॅप चालतं. प्रत्येक बिंदूवर वनस्पतीचं नाव, अंदाजे उंची, पाण्याची खोली आणि एक फोटो. पाच मीटरच्या आत सगळीकडे तीच वनस्पती असेल अशीच जागा घ्या, कारण मोबाइलचं जीपीएस तेवढं चुकतंच.

मासेमारी करणाऱ्याला बरोबर घ्या. स्क्रीनवर जो पट्टा आपल्याला एकसारखा हिरवा दिसतो, त्याकडे बघून काका सांगतात, "ते केंदाळ न्हाई साहेब, शेवाळ हाय. वल्हं मारलं की फाटतंय बघा." आणि खरंच वल्ह्याने थर दुभंगतो, खाली काळं पाणी दिसतं. जलपर्णी असती तर वल्हं अडकलं असतं. या एका खुणेवर शेवाळ आणि जलपर्णीचे बिंदू झटझट वेगळे करता येतात, आणि हा फरक कुठल्याही निर्देशांकापेक्षा भरवशाचा आहे.

वर्ग ठरवणं, आणि गाळपेरीचं प्रकरण

सुरुवातीला मोजके वर्ग ठेवा: मोकळं पाणी, तरंगती जलपर्णी, शेवाळाचा थर, पाणकणीस आणि लव्हाळा, बेशरम व वेडी बाभूळ, ओला गाळ, सावली. उजनीवर यात आणखी एक वर्ग घातलाच पाहिजे: गाळपेर. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी मका, कांदा, कडवळ घेतात. वरून बघितलं तर पाण्याच्या काठाला गर्द हिरवा पट्टा. उपग्रहाच्या चित्रावरून काम करणाऱ्याने तो 'पाणथळ वनस्पतींची वाढ' म्हणून मोजला, की अहवालात फेब्रुवारीत उजनी बहरते आणि एप्रिलमध्ये अचानक उजाड होते. प्रत्यक्षात कापणी झालेली असते.

ड्रोनच्या चित्रात गाळपेर ओळखता येते. ओळी सरळ असतात, बांध कोपऱ्यात वळतात, मधून पाइप किंवा मोटार दिसते. पाणकणसाला सरळ कडा नसते. ते पाण्याच्या खोलीप्रमाणे वळत जातं. एका तारखेवर शंका राहिली तर दोन तारखा ठेवा. दीड महिन्यात कापलं गेलं ते पीक. आणि ही माहिती कुणाच्या विरुद्ध वापरली जाईल असं शेतकऱ्याला वाटणार नाही याची काळजी घ्या. नकाशावर गट क्रमांक टाकण्याची काही गरज नसते.

संगणकावर

फोटो जोडणारं वेबओडीएम हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरतं. साडेसातशे फोटोंना 16 जीबी रॅम तोकडी पडते, 32 असेल तर रात्री लावून सकाळी काम तयार. यूपीएस हवाच, वीज कधी जाईल याचा नेम नाही. पाण्यावरचे फोटो जुळत नसतील तर फीचरची (जुळणीच्या खुणांची) गुणवत्ता आणि किमान संख्या वाढवून पुन्हा चालवा. मल्टिस्पेक्ट्रल असेल तर रेडिओमेट्रिक कॅलिब्रेशनचा पर्याय सुरू करायला विसरू नका, तो आपोआप सुरू नसतो.

पुढचं सगळं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये. रास्टर कॅल्क्युलेटरने एनडीव्हीआय काढा. साधा कॅमेरा असेल तर दुप्पट हिरवा वजा लाल वजा निळा हा एक्सेस ग्रीन निर्देशांक घ्या. पिक्सेल-पिक्सेलने वर्गीकरण करू नका. दीड सेंटिमीटरच्या चित्रात एकाच पानावर ऊन, सावली आणि देठ असे तीन पिक्सेल येतात आणि नकाशावर तीळ सांडल्यासारखं दिसतं. आधी चित्राचे एकसारखे तुकडे पाडा. ऑर्फिओ टूलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. मग प्रत्येक तुकड्याचा सरासरी रंग, निर्देशांक, पोत आणि उंची घेऊन रँडम फॉरेस्ट या वर्गीकरणाच्या पद्धतीने वर्ग लावा. उंची फार कामाची आहे: पाणकणीस 2 ते 3 मीटर उभं, जलपर्णी फार तर मीटरभर, शेवाळ सपाट. मात्र मोकळ्या पाण्यावरची उंची निव्वळ कचरा असते, तिथला भाग आधीच कापून टाका.

नकाशा किती खरा, हे आकड्यात सांगा

होडीतले बिंदू दोन ढिगांत वाटा. एका ढिगाने शिकवायचं, दुसऱ्याने तपासायचं. सरमिसळ केली की नकाशा आपलीच पाठ थोपटतो. दर वर्गाला तपासणीचे किमान 50 बिंदू हा जुना ठोकताळा आहे. उदाहरण म्हणून: नकाशाने 60 बिंदू जलपर्णी म्हणून दाखवले, त्यातले 51 खरे निघाले, म्हणजे नकाशावर जलपर्णी दिसली तर ती खरी असण्याची शक्यता 85 टक्के. उलट प्रत्यक्षात जलपर्णी असलेल्या 57 बिंदूंपैकी 51 नकाशाने पकडले, म्हणजे 89 टक्के. हे दोन आकडे वेगवेगळे सांगा. 'नकाशा 90 टक्के अचूक' या एका वाक्यात मोकळं पाणी बरोबर ओळखल्याचे सोपे गुण मिसळलेले असतात आणि शेवाळातली चूक लपते.

देखरेख म्हणजे तेच पुन्हा, तसंच

वर्षाला किमान तीन उड्डाणं: पाऊस संपून धरण-तलाव भरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि पाणी तळाला गेल्यावर मेमध्ये (पक्ष्यांची बेटं सोडून). आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोरात असतो, म्हणून सप्टेंबरात घाई करू नका. जलपर्णीसाठी हे अंतर फार आहे. अनुकूल उष्णता आणि सांडपाणी असेल तर ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिला दर पंधरवड्याला बघावं लागतं, त्यासाठी 120 मीटरवरून झटपट उड्डाणही चालेल, परवानगी असेल तिथे.

प्रत्येक उड्डाणाची एक ओळ ठेवा: तारीख, वेळ, पाणीपातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, पाण्यापासूनची उंची, वारा, आकाश, कॅमेऱ्याची सेटिंग. उजनीची पातळी रोज जाहीर होते. पूर्ण भरल्याची पातळी 496.83 मीटर आहे, त्याच्याशी तुलना सोपी जाते. टक्केवारीपेक्षा मीटर लिहा. टक्के हे उपयुक्त साठ्याचे असतात आणि उजनीचा मृतसाठाच 63 टीएमसीच्या वर असल्याने 'उणे 30 टक्के' म्हटल्यावर काठ कुठे आहे ते कळत नाही. शहरातल्या तलावांना रोजची पातळी मिळेलच असं नाही. तिथे घाटाच्या पायऱ्या मोजा, वरून कितवी पायरी पाण्यात आहे ते लिहा.

दोन तारखांची तुलना करताना दोन्ही वेळा पाण्याखाली असलेला भाग आणि फक्त एकदाच उघडा पडलेला भाग वेगळा काढा. पहिल्यातला बदल वनस्पतीचा, दुसऱ्यातला बहुतेक वेळा पातळीचा.

पालिकेला किंवा ठेकेदाराला आकडा देताना

जलपर्णी काढण्याचं काम निघालं की क्षेत्रफळावरून वाद होतो. आदल्या दिवशी उडवा आणि काम संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उडवा. मध्ये आठवडा गेला तर वाऱ्याने दुसऱ्या कोपऱ्यातली जलपर्णी साफ केलेल्या जागेत येऊन बसते आणि ठेकेदाराने काहीच केलं नाही असं चित्रात दिसतं. किंवा उलट, वाऱ्याने जागा मोकळी केली आणि बिल ठेकेदाराने लावलं. म्हणून केवळ साफ झालेल्या कोपऱ्याचं नव्हे, अख्ख्या तलावाचं क्षेत्र आधी आणि नंतर काढा, आणि फरक तोच खरा धरा.

सोबत काठावर रचलेले ढीग मोजा. ढीग जमिनीवर असतात, हलत नाहीत, त्यांची उंची आणि घनफळ ड्रोनच्या उंचीच्या नकाशातून छान निघतं. क्यूजीआयएसमध्ये ढिगाभोवती रेघ ओढून तळाची पातळी दिली की घनमीटर मिळतात. हे मोजमाप काढल्यापासून दोन दिवसांच्या आत व्हायला हवं. जलपर्णीत बहुतांश पाणीच असतं, सोलापूरच्या उन्हात ढीग आठवड्यात निम्म्यावर बसतो, आणि मग घनमीटरचा आकडा घेऊन कुणाशीही भांडता येत नाही.